शर्यत जिंकली कोणी?

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या दादाचे गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका बोळाच्या तोंडाशी आहे. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. वयाने माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. लहानपणी शाळेला सुट्टी लागली, की माझा मुक्काम मामाच्या घरी असे. पण घर केवळ जेवण्यापुरते आणि झोपण्यापुरते. बाकी सारा दिवस मी गॅरेजात. जळक्या ऑइलाचा वास, पान्यांचा खणखणाट आणि एखादी गाडी स्टँडवर लावून दादाने पिळलेली रेस, यांत माझा जीव रमे. पुढे मी कला शाखेत आलो, मराठी विषय घेतला; तरी आजही रस्त्याने एखादी गाडी गेली, की तिची चेन सैल आहे की नाही हे माझ्या कानाला आधी कळते.

गॅरेजाच्या भिंतीवर दोन चित्रे होती. एक मोठे, पिवळेधमक, व्हॅलेंटिनो रॉसीचे. ते मी हट्ट करून लावून घेतलेले. त्याच्या खाली एक लहानसे कात्रण होते. कडा तेलकट झालेल्या, एक कोपरा फाटलेला. ते डॅनी पेद्रोसाचे. ते दादाचे. मोटारसायकल शर्यतींच्या जगात रॉसी म्हणजे सूर्य. ५०० सीसी आणि नंतर मोटोजीपी या सर्वांत वरच्या वर्गात सात जगज्जेतेपदे, खालच्या वर्गांतली धरून नऊ. पेद्रोसा हा स्पेनचा लहानखुरा, अबोल गडी. वरच्या वर्गात त्याने एकतीस शर्यती जिंकल्या, पण तिथले जगज्जेतेपद त्याला एकदाही मिळाले नाही. मी दादाला चिडवत असे, “तुझा माणूस कधी चॅम्पियन झालाय का रे?” दादा हातातला पाना न थांबवता म्हणे, “नसू दे की. गप गाडी मारतोय, बास झालं.”

आज जे सांगायचे आहे ते या दोन चित्रांमुळे आठवले.

२०१५ साल. मी सहावीत होतो. गुरुवारी दसरा झाला होता आणि रविवारी, २५ ऑक्टोबरला, मलेशियातल्या सेपांगची शर्यत होती. गॅरेजातल्या यंत्रांवर घातलेल्या झेंडूच्या माळा सुकायला लागल्या होत्या. मोसमातल्या अठरा शर्यतींपैकी ही सतरावी. रॉसी तेव्हा छत्तीस वर्षांचा होता आणि दहाव्या जगज्जेतेपदाच्या उंबऱ्यावर उभा होता. त्याच्याच यामाहा संघातला होर्हे लोरेन्झो त्याच्यामागे अवघ्या अकरा गुणांवर होता. त्यात गुरुवारीच रॉसीने पत्रकारांसमोर उघड आरोप केला होता, की आदल्या आठवड्याच्या ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीत होंडाचा मार्क मार्केझ मुद्दाम आपल्याला अडवत होता आणि लोरेन्झोला मदत करत होता. मार्केझ आणि लोरेन्झो दोघेही स्पेनचे. माझ्या बालबुद्धीला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

मामाच्या घरी टीव्हीसमोर आम्ही बसलो. मामीने पोह्यांच्या ताटल्या हातात दिल्या. रॉसी आणि मार्केझ एकमेकांना इतक्यांदा ओलांडत होते, की पोहे तोंडाशी नेलेला हात तसाच राहत होता. सातव्या फेरीत, चौदाव्या वळणावर रॉसीने वेग कमी केला, गाडी बाहेरच्या बाजूला नेली आणि मान वळवून मार्केझकडे पाहिले. पुढच्या क्षणी दोघे भिडले आणि मार्केझ जमिनीवर होता. त्याने लाथ मारली की मारली नाही, यावर त्या दिवसापासून जगभर वाद चालू आहे. मी तर आनंदाने उडीच मारली.

शर्यतीनंतर निकाल आला. रॉसीचा तिसरा क्रमांक कायम राहिला, त्याचे सोळा गुणही कायम राहिले. परंतु त्याच्या नावावर तीन दंडगुण लागले. एक दंडगुण त्याच्या खात्यावर आधीचाच होता. एकूण चार झाले, आणि चार झाले की पुढची शर्यत सर्वांत मागच्या जागेवरून सुरू करायची, असा तेव्हाचा नियम. म्हणजे व्हॅलेन्सियाच्या शेवटच्या, निर्णायक शर्यतीत रॉसी सगळ्यांच्या मागे.

मी ताटली खाली आपटली. “सगळे त्याच्यावर उठलेत! शर्यती भरवणारी कंपनी स्पेनची, ते दोघे स्पेनचे!”

दादा शांतपणे म्हणाला, “वळणावर वळायचं सोडून मागं बघत बसला की रं तो. नियम म्हणजे नियम.”

“तू पेद्रोसावाला. तुला काय कळतंय?”

“बरं, ऱ्हाऊ दे. एवढंच सांग, आज शर्यत जिंकली कोणी?”

मी गप्प झालो. खरोखरच मला सांगता येईना. दोन माणसांच्या भांडणाकडे मी असा डोळे लावून बसलो होतो, की सगळ्यांत पुढे कोण गेला हे मी पाहिलेच नव्हते. दादा उठला, रिकामी ताटली मोरीत ठेवून आला आणि म्हणाला, “पेद्रोसा. पहिल्या जागेवरनं सुटला आणि पहिलाच आला.”

दोन आठवड्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, व्हॅलेन्सियाची शर्यत झाली. मधल्या काळात रॉसीने स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे धाव घेतली होती. पण शिक्षेला स्थगिती मिळाली नाही. सव्विसाव्या जागेवरून सुटलेला रॉसी एकामागून एकाला ओलांडत चौथा आला. लोरेन्झो पहिला, मार्केझ त्याच्या चाकाला चाक लावून दुसरा, पेद्रोसा तिसरा. लोरेन्झोचे ३३० गुण, रॉसीचे ३२५. पाच गुणांनी दहावे जगज्जेतेपद हुकले, आणि पुढे २०२१ साली रॉसी निवृत्त झाला तोवर ते त्याला मिळालेच नाही. मी ते दोन आकडे भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून त्यांच्याभोवती काळी चौकट काढली. फराळाच्या दिवसांत मी दादाशी बोललो नाही.

वय वाढले तसा राग निवला, पण प्रश्न सुटला नाही. महाविद्यालयात आल्यावर जुन्या शर्यतींच्या चित्रफिती पाहण्याचा मला नाद लागला. मनात हेतू हा, की माझ्या दैवतावर झालेला अन्याय एकदाचा सिद्ध करावा. झाले भलतेच.

स्पेनमध्ये हेरेझ नावाची धावपट्टी आहे. तिचे शेवटचे वळण फार अवघड. २००५ साली त्या वळणावर शेवटच्या फेरीत रॉसीने सेटे जिबर्नाऊच्या आतल्या बाजूला गाडी घुसवली. टक्कर झाली, जिबर्नाऊ खडीत गेला, कसाबसा सावरून दुसरा आला. रॉसी जिंकला. स्पेनच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, पण शिक्षा झाली नाही. आठ वर्षांनी, २०१३ साली, त्याच वळणावर शेवटच्या फेरीत पोरसवदा मार्केझने लोरेन्झोला तस्साच धक्का दिला आणि दुसरा क्रमांक पटकावला. त्याच आठवड्यात त्या वळणाला लोरेन्झोचे नाव दिलेले! लोरेन्झोने मार्केझशी हात मिळवला नाही. शिक्षा याही वेळी झाली नाही. वळण एकच, गुन्हा एकच, आणि दोन्ही वेळा लाभ झाला तो ज्याच्या नावावर तिकिटे खपतात त्याचा. मी रॉसीची चित्रफीत पाहताना “वा!” म्हणालो होतो आणि मार्केझची पाहताना शिवी दिली होती, हेही इथे कबूल केले पाहिजे.

त्याच २०१३ साली आरागॉनला मार्केझची गाडी पेद्रोसाच्या गाडीला मागून निसटती लागली. दोघे एकाच संघातले. त्या स्पर्शाने पेद्रोसाच्या मागच्या चाकाजवळची एक वायर तुटली. चाक घसरू नये म्हणून इंधन आवरणारी जी यंत्रणा असते, ती त्यामुळे आंधळी झाली आणि पेद्रोसा हवेत फेकला गेला. मार्केझ ती शर्यत जिंकला. त्याला एक दंडगुण मिळाला आणि होंडाचे कारखान्याच्या खात्यातले गुण कापले गेले. पण त्याचा विजय आणि त्याचे पंचवीस गुण त्याच्याकडेच राहिले. त्या वर्षी तो विसाव्या वर्षी जगज्जेता झाला. इतक्या लहान वयात वरच्या वर्गात त्याआधी कोणी झाले नव्हते. पेद्रोसाची ती संधी हुकली ती हुकलीच. अर्थात दादाच्या माणसाचे हातही अगदी कोरडे नाहीत. २००६ साली पोर्तुगालमध्ये त्याने स्वतःच्याच संघातल्या, गुणांत आघाडीवर असलेल्या निकी हेडनला पाडले होते. हेडन तरीही त्या वर्षी जगज्जेता झाला, म्हणून ती गोष्ट निभावली.

मार्केझ २०१३ साली त्या संघात आला कसा, तीही एक कथाच आहे. २०१० पासून असा नियम होता, की वरच्या वर्गात प्रथमच येणाऱ्याने थेट कारखान्याच्या मुख्य संघात जायचे नाही; आधी एखाद्या दुय्यम संघात गाडी चालवायची. मार्को सिमोन्चेलीसारखे गुणी स्वार त्या दाराने आत आले. मार्केझ वरच्या वर्गाच्या दाराशी आला आणि २०१२ सालीच नियम रद्द झाला. नियम चुकीचा होता असे म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होते. पण तो चुकीचा आहे हे नेमके कधी उमगले, हे पाहिले म्हणजे माणसाला हसू येते.

टायरांचेही तसेच. आता सर्वांना एकाच कंपनीचे टायर मिळतात. पण ही पद्धत २००९ पासूनची. त्याआधीच्या काळात युरोपातल्या शर्यतींना मिशेलिन कंपनी शुक्रवार-शनिवारच्या सरावाचा अंदाज घेऊन फ्रान्समधल्या आपल्या कारखान्यात रातोरात खास टायर बनवी आणि रविवारी सकाळी धावपट्टीवर पोचते करी. ते सगळ्यांना मिळत नसत. मोजक्या बड्या स्वारांना मिळत. मागच्या रांगेतला गरीब स्वार शनिवारी ज्या टायरवर झोपला त्याच टायरवर रविवारी उठे. हे सारे राजरोस होते. कोणाचा नियमभंग नव्हता.

म्हणजे मोठ्यांना सगळे माफ, असे म्हणावे तर तेही खरे नाही. २००३ साली इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनला पिवळा झेंडा असताना ओलांडले म्हणून रॉसीला दहा सेकंदांची शिक्षा झाली, आणि जिंकलेली शर्यत मॅक्स बियाजीच्या पदरात पडली. त्याच वर्षी फिलिप आयलंडला पुन्हा तोच गुन्हा, तीच शिक्षा. तेव्हा त्याने उरलेल्या फेऱ्यांत अशी काही गाडी पळवली, की दहा सेकंद वजा होऊनही तोच पहिला आला. २०१८ साली अर्जेंटिनात मार्केझने दांडगाई केली, रॉसीला पाडले, तेव्हा त्याला तीस सेकंदांची शिक्षा होऊन तो अठरावा ठरला. आणि ज्या ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीवरून २०१५ चे रामायण घडले, तिथे शेवटच्या फेरीत लोरेन्झोला ओलांडून जिंकला होता तो मार्केझच! ज्याला मदत करायची त्याचेच पाच गुण हिरावून घ्यायचे, ही कसली मदत? सहावीत असताना हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला नव्हता. शिरू दिला नव्हता.

गंमत म्हणजे सेपांगच्या त्या एकाच निकालाला दोन्ही बाजूंनी पक्षपात म्हटले. आम्ही म्हणत होतो, स्पॅनिश कंपनीने स्पॅनिश मुलांसाठी रॉसीचा बळी दिला. दुसरी बाजू म्हणत होती, रॉसीच्या जागी दुसरा कोणी असता, तर त्याला तिथेच काळा झेंडा दाखवून बाहेर काढला असता. तिसऱ्या क्रमांकाचे गुण त्याच्याकडे राहिले ते केवळ तो रॉसी होता म्हणून. त्या काळी शिक्षा देणाऱ्या मंडळात शर्यती भरवणाऱ्या कंपनीचाही माणूस बसत असे. जत्रा भरवणाऱ्यानेच कुस्तीचा पंच व्हायचे, तर पंच कितीही सज्जन असो, हरणाऱ्याच्या मनात किंतू राहणारच. २०१६ पासून हे काम वेगळ्या मंडळाकडे दिले गेले. दंडगुणांची पद्धतही पुढे बंद झाली. वाद मात्र बंद झाले नाहीत.

इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटले होते, की आपण आता निःपक्षपाती झालो. मग दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आला.

आमच्या भागात मातीवरच्या मोटारसायकल शर्यती भरतात. एका तालुक्याच्या गावाबाहेर, शेतातली माती ओढून उंचवटे केलेले, दोऱ्या बांधलेल्या, लाउडस्पीकर लावलेला. दादाची तिथे ओळख. त्याच्या शब्दावर मला एका वळणावर झेंडे दाखवायचे काम मिळाले. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, सावकाश चला, कोणी कोणाला ओलांडायचे नाही. मी माझी पिवळी टोपी घालून गेलो होतो. सकाळी सरावाच्या वेळी जिल्ह्यात गाजलेला एक स्वार माझ्या वळणापाशी थांबला. प्रवेशद्वारावरच्या फलकावर त्याचाच फोटो होता. हेल्मेट काढून तो मला म्हणाला, “पाणी आहे काय, मित्रा?” मी माझी बाटली दिली. तो पाणी प्याला, माझ्या खांद्यावर हात ठेवून “थँक यू” म्हणाला आणि गेला. एवढेच. पण ती बाटली मी दिवसभर इतर कोणाला दिली नाही.

दुपारच्या मुख्य शर्यतीत माझ्या वळणाच्या पुढे एक पोरगा पडला. मी पिवळा झेंडा हलवू लागलो. दुसऱ्या क्रमांकावर एक अनोळखी मुलगा होता. सतरा-अठरा वर्षांचा, अंगातले जॅकेट बहुधा उसने, कारण बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. झेंडा पाहून त्याने गाडी आवरली. त्याच्यामागे आमचा गाजलेला स्वार होता. त्याने गाडी आवरली नाही. माझ्यापासून दहा हातांवर त्याने त्या मुलाला ओलांडले.

शर्यत संपल्यावर पंच माझ्याकडे आले. “झेंडा असताना ओव्हरटेक झाला म्हणून एक जण सांगतोय. तुझ्यासमोर झाला का?”

धूळ होती, हे खरे. सगळीकडेच होती. मी म्हणालो, “साहेब, धुळीत नीट दिसलं नाही.”

मला कोणी पैसे दिले नव्हते. कोणी धमकावले नव्हते. कोणी डोळ्यानेही खुणावले नव्हते. पंचांनी मान हलवली आणि ते गेले. दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस सात हजार होते, तिसऱ्याचे तीन. मधले चार हजार म्हणजे त्या मुलाच्या गाडीचा मागचा टायर. बक्षीस घेऊन उतरताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. ज्याला याची सवय आहे, तसे.

परतताना मी दादाच्या मागे गाडीवर बसलो होतो. बऱ्याच वेळाने मी सांगून टाकले. दादा काही बोलला नाही. पुलापाशी आल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि विचारले, “दिसलं होतं न्हवं?”

“दिसलं होतं.”

“मग येत्या रविवारी जायचं. त्या पोराचं गाव मला ठाऊक आहे.”

आम्ही गेलो. तो मुलगा घराच्या पडवीत गाडी आडवी करून चेन साफ करत होता. त्याच्या आईने पाणी आणून दिले. मी ते हातात धरून म्हणालो, “त्या दिवशी मी पाहिलं होतं.” तो म्हणाला, “मला माहीत आहे. तुमचं तोंड माझ्याकडंच होतं.” मग थोडे थांबून, चेनवरची नजर न काढता त्याने विचारले, “मग तिथं का नाही बोलला?”

मला उत्तर देता आले नाही. आजही नीट देता येत नाही. तिथून आम्ही पंचांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, निकाल जाहीर झाला, पैसे वाटून झाले, आता काय करणार? त्यांचे चूक नव्हते. वेळेवर न दिलेली साक्ष ही साक्षच नव्हे.

सेपांगच्या बंद खोलीत काय झाले हे मला माहीत नाही. पण पक्षपात कसा होतो, हे मला आता आतून ठाऊक झाले आहे. त्याला कारस्थान लागत नाही. खांद्यावर ठेवलेला एक हात पुरतो, भिंतीवरचे एक चित्र पुरते. बडा स्वार काही करतो तेव्हा हजार डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. म्हणून कधी त्याला जास्त माफ होते, कधी जास्त शिक्षा होते. पण पाहिले जाते ते त्यालाच. त्याच्या चाकाखाली ज्याचा क्रमांक गेला, त्याच्याकडे कोणाचाच डोळा नसतो. रॉसीला दाद मागायला स्वित्झर्लंडचा लवाद तरी होता. बाह्या लांब झालेल्या त्या मुलाला एक मी होतो, आणि मी धुळीकडे बोट दाखवले.

यंदा पुन्हा तिथे शर्यती आहेत. झेंड्यासाठी मी नाव दिले आहे. दादाने पंचांना माझी मागची हकिगत सांगूनच शब्द टाकला. पंच म्हणाले, “येऊ दे त्याला. आता तो नीट बघेल.” गॅरेजातले रॉसीचे चित्र मी काढलेले नाही; प्रेम काही असे काढून टाकता येत नाही. पेद्रोसाच्या कात्रणाचा फाटलेला कोपरा मात्र परवा चिकटवला. आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन जायचे ठरवले आहे. मागेल त्याला द्यायला.